लाळेची चाचणी येईल तेव्हा येईल, तोंड तर उघडा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. मोहल्ल्याच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, मग एका पालकांनी मला वेगळा पाठवला. 'थुंकीच्या एका थेंबातून तोंडाचा कॅन्सर कळणार. आता सुई नको, तुकडा काढायला नको.' मेसेज सपशेल खोटा नाही. पण आमच्या वस्तीत अर्धवट माहितीचा एक ठरलेला उपयोग होतो, टाळाटाळीला कारण मिळतं. ज्याच्या गालात आतून तीन महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे तो म्हणतो, थुंकीची टेस्ट येतेय ना, मग आली की बघू. म्हणून हे लिहायला बसले.

आधी त्यातलं खरं सांगते. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात प्रथिनं, क्षार, झडलेल्या पेशी, डीएनए आणि आरएनएचे तुकडे असं बरंच काही असतं. तोंडात गाठ वाढत असेल तर ती चोवीस तास याच लाळेत भिजत असते, आणि तिच्यातून सुटलेलं काही ना काही लाळेत उतरतं. अशा खुणेला शास्त्रज्ञ बायोमार्कर म्हणतात. उर्दूत आपण निशानी म्हणतो, तेच. रक्तात गाठीची निशानी शोधायची तर ती सगळ्या शरीराच्या रक्तात विरघळलेली असते. लाळ मात्र थेट गाठीला धुऊन येते. तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळ तपासायची कल्पना म्हणूनच अक्कलहुशारीची आहे.

२००४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं यांची लाळ तपासली. रुग्णांच्या लाळेत सात प्रकारचे आरएनए वाढलेले दिसले. त्यांतले काही एकत्र धरले तर १०० रुग्णांपैकी ९१ ओळखता येतील आणि १०० निरोगींपैकी ९१ जणांना निरोगी म्हणता येईल, असा हिशेब निघाला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ९३ रुग्णांच्या लाळेत आणि रक्तात गाठीचा डीएनए शोधला. तोंडात गाठ असलेल्या सगळ्या रुग्णांच्या लाळेत तो सापडला. घसा आणि स्वरयंत्राच्या गाठींमध्ये लाळेचं यश कमी होतं, तिथे रक्ताने साथ दिली. जागा जितकी खोल, तितकी लाळेची पोच कमी.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग अडलंय कुठे?

अडलंय ते असं. या अभ्यासांत रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे आधीच माहीत होतं. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात तर ज्या माणसाची गाठ हातात होती, त्याच गाठीतला बिघडलेला जनुक त्याच्या लाळेत शोधला. म्हणजे चोर पकडलेला आहे, आता त्याच्या बोटांचे ठसे घरात सापडतात का ते बघायचं. वस्तीत फिरून हजार माणसांतून अजून न पकडलेला चोर शोधणं हे वेगळं काम आहे.

दुसरी अडचण जास्त आपली आहे. लाळेतल्या ज्या निशाण्यांवर पहिल्यापासून भर दिला गेला, त्यांत इंटरल्युकिन-८ आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही दोन नावं कायम येतात. हे दोन्ही पदार्थ शरीरात सूज असली की वाढतात. हिरड्या सुजल्या, दातांच्या मुळाशी पू झाला तरी वाढतात. आता आमच्या मोहल्ल्यातली चाळिशीपुढची तोंडं आठवा. किती जणांच्या हिरड्या धड आहेत? विदर्भात खर्रा, नगर-मराठवाड्यात मावा, मालेगाव-भिवंडीत गुटखा, आणि घरोघरी बायकांची तव्यावर भाजलेली मिश्री. ज्या तोंडाला वीस वर्षं चुना-सुपारी-तंबाखूने रोज चटका दिलाय, ते कॅन्सर नसतानाही सुजलेलंच असतं. ही चाचणी लॉस एंजेलिसच्या निरोगी तोंडाशी तुलना करून घडवली असेल, तर इथे तिला धोक्याची घंटा कितीदा उगाच वाजवावी लागेल?

मी भाषा शिकवते, गणित नाही, पण हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. समजा, तंबाखू खाणारी १००० माणसं एका मैदानात बसवली आणि त्यांतल्या ३ जणांना खरोखर कॅन्सर आहे. चाचणी ९१ टक्के बरोबर. ते तिघे बहुधा सापडतील. पण उरलेल्या ९९७ पैकी ९ टक्के, म्हणजे जवळपास ९० माणसांनाही ती 'संशय आहे' असंच सांगेल. कागद मिळाला ९३ जणांना, आजार तिघांना. उरलेल्या नव्वदांच्या घरी त्या रात्री काय होईल याची कल्पना करा. आणि महिनाभराने त्यांचा रिपोर्ट साफ आला की मोहल्ल्यात काय बोललं जाईल? 'टेस्टच बोगस होती.' मग खऱ्या तिघांतला एखादाही त्याच बोलण्यावर विसंबून घरी बसेल. चाचणी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. आजार थोड्यांना असेल तेव्हा ९१ टक्के हा आकडा पुरत नाही, एवढंच.

तिसरी गोष्ट मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. पाश्चात्त्य देशांत लाळेच्या चाचणीबद्दल जी मोठी आशा आहे, तिचा बराच भाग एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरबद्दल आहे. तिथे लाळेत विषाणूचाच डीएनए शोधायचा असतो, निशानी ठळक असते. आपल्याकडचा मोठा वाटा गालाचा, हिरडीचा, जिभेचा, आणि त्याचं मूळ पुडीत. तिथे लाळेत शोधायला असा एखादा परका विषाणू नाही, माणसाच्याच बिघडलेल्या पेशी आहेत. तिकडची बातमी इकडे जशीच्या तशी लागू होत नाही.

मग भारताने काय करावं? माझ्या मते ही चाचणी आपणच घडवून घ्यायला हवी, कारण हा आजार आपला आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार मृत्यू. परळला टाटा हॉस्पिटल आहे, खारघरला त्याचंच संशोधन केंद्र आहे, आणि तिथल्या रांगेत भिवंडी, मालेगाव, औरंगाबादहून आलेले आमचेच लोक बसलेले असतात. चाचणीत 'निरोगी' म्हणून तुलनेला कुणी घ्यायचं असेल तर पंधरा वर्षं गुटखा खाल्लेला, हिरड्या सुजलेला, पण कॅन्सर नसलेला लूम कामगार घ्या. त्याच्या आणि रुग्णाच्या लाळेतला फरक सांगता आला तर ती चाचणी आमच्या कामाची.

पण ती येईपर्यंतचं काय, हा खरा प्रश्न आहे. कारण जी चाचणी आज हातात आहे तीच कुणी करत नाही.

ती चाचणी म्हणजे टॉर्च. तोंड उघडायचं, टॉर्च मारायचा, गाल ताणून आतून बघायचं, जीभ बाहेर, जीभ डावीकडे, उजवीकडे, जिभेखाली, टाळू. दोन-तीन मिनिटांचं काम. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कडक झालेला गाल दिसला की पुढे पाठवायचं. हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून कुणाला त्याची किंमत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून याचा मोठा प्रयोग झाला. १३ पंचायती, ३५ वर्षांपुढची १ लाख ९० हजारांहून जास्त माणसं. निम्म्या भागात घरोघरी जाऊन तोंडं तपासली, निम्म्या भागात नेहमीसारखं चालू ठेवलं. २००५ मध्ये निकाल छापून आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. लाळेच्या एकाही चाचणीकडे आज असा पुरावा नाही. टॉर्चकडे आहे.

आणि ही तपासणी करणारे कोण होते? डॉक्टर नव्हते. वैद्यकीय शिक्षण नसलेले साधे पदवीधर होते, त्यांना प्रशिक्षण देऊन हे काम शिकवलं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. जनगणना, मतदारयादी, निवडणूक, सगळी कामं शिक्षकांच्या गळ्यात घालणाऱ्या सरकारला हे एक काम अजून सुचलेलं नाही, हे नशीब म्हणावं की दुर्दैव, कळत नाही. (सहकाऱ्यांनो, रागावू नका.)

आता सरकारी कागदावर तोंडाची तपासणी आहेच. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी प्राथमिक पातळीवर तपासणी व्हावी असं धोरण आहे. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या लोकांना विचारलं, तुमचं तोंड कॅन्सरसाठी कधी तपासलंय का? आयुष्यात एकदा तरी? पुरुषांत १.२ टक्के हो म्हणाले, बायकांत ०.९ टक्के. शंभरात एक. आणि २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात चारातला जवळपास एक प्रौढ माणूस धूर नसलेली तंबाखू खात होता.

माझे फुप्पा मालेगावात लूमवर होते. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पुडी, सुताजवळ बिडी चालत नाही म्हणूनही पुडी. उजव्या गालात जखम झाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी 'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिलं, मग लावायला मलम दिलं, मग म्हणाले सडका दात घासतोय. कुणी टॉर्च मारला असेल तर मला माहीत नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, तर घरात मजलिस बसली आणि ठरलं, 'छेडना नहीं. लोहा लगा तो फैल जाएगा.' आणखी चार महिने गेले. पुढे ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, फुप्पा चौदा महिने जगले. बोलायला लाजायचे, जेवायला सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसत नसत.

हे 'लोहा लगा तो फैलेगा' मी हिंदू शेजाऱ्यांकडूनही तितक्याच खात्रीने ऐकलंय, शब्द तेवढे वेगळे. बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरतो याला आधार नाही. फुप्पांचा पसरला तो त्या सात महिन्यांत. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये दहापैकी साधारण आठ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात, उशिरा सापडला की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरतं. आणि आपल्याकडे बहुतेक रुग्ण उशिराच पोहोचतात. म्हणून त्या मेसेजमधलं 'तुकडा काढायला नको' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. लाळेची चाचणी उद्या बाजारात आली आणि तिने संशय दाखवला, तरी पक्कं निदान तुकडा काढूनच होणार आहे. ज्या भीतीने माणूस आज बायोप्सीला जात नाही, त्या भीतीला लाळेच्या चाचणीत काही औषध नाही. केरळच्या त्या प्रयोगातसुद्धा तोंडात संशयास्पद काही सापडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक पुढच्या तपासणीला गेलेच नाहीत. तेही केरळात.

तरीही लाळेच्या चाचणीची वाट मी मनापासून बघतेय. त्याची कारणं आमच्या घरांत आहेत.

एक कारण बायका. मिश्री लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही, ती 'दातासाठी' लावते. जर्द्याचं पान लग्नात पानदानातून येतं, त्याला तर व्यसन म्हणण्याचीही कुणाची हिंमत नाही. या बायका कॅम्पला येत नाहीत. आल्या तर समोर पुरुष डॉक्टर, आणि नकाब वर करून, आ वासून, मागे रांगेत चार माणसं उभी असताना बसायचं. नाही जमत. लेडी डॉक्टर द्या हे उत्तर बरोबर आहे, पण त्या प्रत्येक वस्तीत कुठून आणणार? आशा ताई घरी येऊन छोटी बाटली देऊन गेली, सकाळी चूळ भरून, चहा-मिश्रीच्या आधी तिच्यात लाळ जमा केली आणि ती परत घेऊन गेली, असं झालं तर कितीतरी घरांची दारं उघडतील.

दुसरं कारण, न उघडणारी तोंडं. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातल्या काही जणांना पुढे कॅन्सर होतो. ज्याच्या तोंडात चमचा जेमतेम जातो, त्याच्या तोंडात टॉर्चने काय दिसणार? इथे लाळ खरंच डोळ्याच्या पुढे जाऊ शकते. ऑपरेशन झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायलाही तिचा उपयोग होऊ शकेल, कारण तिथे कुठली निशानी शोधायची हे आधीच ठाऊक असतं.

सुपारीबद्दल एक शिक्षिका म्हणून बोलणं भाग आहे. आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की गुटखा वाईट, सुपारी चालते. मुलाच्या खिशात मीठी सुपारीची पुडी सापडली आणि पालकांना बोलावलं तर अब्बा म्हणतात, 'मॅडम, तंबाखू तो नहीं है ना उसमें.' जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीचं काय झालं ते शाळेच्या फाटकातून दिसतं. मी नववी-दहावीच्या वर्गात वर्षातून दोनदा एक खेळ घेते. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकमेकांना जोडून उभी धरायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का बघायची. निरोगी तोंडात बसतात. मुलं हसत हसत करतात. दर वर्षी एखादा मुलगा हसत नाही, दोन बोटांवर अडतो आणि हात खाली घेतो. त्याला वर्गात काही बोलत नाही, मधल्या सुट्टीत बोलावते. पंधरा वर्षांचं पोर. अशा पोराने लाळेच्या चाचणीची वाट बघायची नसते, पुडी आजच सुटली पाहिजे आणि दंतवैद्याने त्याचं तोंड याच आठवड्यात बघितलं पाहिजे.

रमजानचा मला नेहमी विचार येतो. जो माणूस म्हणतो पुडीशिवाय दोन तास निघत नाहीत, तोच सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास काढतो, तीस दिवस. मग खजूर, पाणी, नमाज, आणि मस्जिदीच्या बाहेर येताच पुडी फाडल्याचा आवाज. तीस दिवस सुटू शकतं हे त्याला स्वतःला माहीत आहे, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो. कुणी विचारेल, रोज्यात लाळेचा नमुना देता येईल का? थुंकी बाहेर टाकल्याने रोजा तुटत नाही हे मकतबातल्या मुलालाही ठाऊक असतं. तोंड सहरीपासून स्वच्छ, ना चहा ना तंबाखू, मस्जिदीत सगळे हजर. चाचणी कधी आलीच तर नमुने गोळा करायला रमजानची सकाळ उत्तम, एवढं कुणीतरी संशोधकांच्या कानावर घाला.

आणि तोवर आपली शिबिरं. ईद-ए-मिलादला दर वर्षी आमच्याकडे रक्तदान होतं, शुगर बघतात, बीपी बघतात, चष्म्याचा नंबर काढतात. नौजवान कमिटीची पोरं धावपळ करतात, बॅनरवर सगळ्यांचे फोटो असतात. गालात पुडी धरलेला माणूस रांगेत बसतो, दंडाला पट्टा बांधून घेतो, बीपी लिहून घेतो आणि निघून जातो. त्याला 'आ कर' म्हणणारं तिथे कुणी नसतं. जिथे जवळ डेंटल कॉलेज आहे तिथे शिकणारी मुलं-मुली आणि त्यांचे शिक्षक बोलावले तर येतात, त्यांनाही अशी तोंडं बघायची असतातच. यंदाच्या शिबिरात एक टेबल वाढवा. बायकांसाठी पडदा लावून दुसरं. ज्यांना पुढे पाठवायचं, त्यांचे फोन नंबर कमिटीच्या एका जबाबदार पोराकडे द्या आणि त्याने पंधरा दिवसांनी प्रत्येकाला विचारावं, गेलात का? नसेल गेला तर सोबत जावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात, तिचे कागद भरायलाही बरोबर कुणीतरी लागतं. टॉर्च, हातमोजे आणि लाकडी पट्ट्या आणायला मंडपाच्या खर्चातला एक छोटा कोपरा पुरेल.